मुलांच्या वजनाचे आकडे पंचायतीच्या फलकावर लावावेत का?

सत्तरीकर
पुढच्या ग्रामसभेत एक विषय मांडणार आहे, तो आधी इथे ठेवतो. पंचायतीतल्या अंगणवाड्यांत किती मुलं कमी वजनाची आणि किती अतिशय कमी वजनाची, हे दर तीन महिन्यांनी फलकावर लागावं. नावं नकोत, नुसते आकडे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या खुजट, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 20.1 टक्के होतं, 2019-20 मध्ये 25.8 झालं. लहान मुलांमधला रक्तक्षय 48.3 वरून 53.2. श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या राज्याची ही गत! पण पाहणी जिल्ह्याशी येऊन थांबते, त्यामुळे आमचे पंच म्हणतात, असेल तिकडे कुठेतरी. खड्ड्यावरून ग्रामसभेत तासभर भांडण होतं, कारण खड्डा दिसतो.

आकडेमोड
सर, 25.8 नाचवण्याआधी जरा थांबा. त्या पाहणीत गोव्यातली दोन हजारांहून कमी घरं होती. त्यात पाचखालची मुलं ती किती? एवढ्याशा नमुन्यात चार-पाच टक्के नुसत्या योगायोगानेही इकडचे तिकडे होतात. गावात तर एक मूल तापाने उतरलं की तीन टक्के वाढले.

सत्तरीकर
म्हणूनच टक्के नकोत म्हणतो. तीसपैकी चार, एवढंच लिहायचं.

अंगणवाडीची बाई
तीसपैकी चार लिहिलंत की ते चार कोण हे वाड्याला संध्याकाळपर्यंत कळतं. नाव लिहायची गरजच नाही. मागे एका आईला चारचौघींत कुणी बोललं, तर तिने मूल आणणंच सोडलं. दोन महिने मी तिच्या दारात जात होते.

आणि फलक लागला की वरून फोन येणार, "बाई, आकडा कमी कसा होत नाही?" मग काटा थोडा वाकतो. कुणाला खोटारडी म्हणत नाही, पण वाकतो. उंचीचं तर विचारूच नका. मूल रडतं, गुडघे दुमडतं, सेंटीमीटरभर चुकलं की धडधाकट पोर खुजं ठरतं. वर पोषण ट्रॅकरवर, म्हणजे सरकारी ॲपवर, भरा, वहीत भरा, रेशन देताना आईचा चेहरा जुळवा. नेटवर्कसाठी मी रस्त्यावर जाऊन उभी राहते.

मडगावकर
बाईंचं पटलं. आकड्यांनी काही हलतं हा भ्रमच आहे. अनाथाश्रमाच्या आडून मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये मडगावात अटक झाली, 1996 मध्ये जन्मठेप. लोकांनी विषय सोडला नाही, आणि 2003 मध्ये गोवा बाल कायदा आला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या देशाच्या पॉक्सो कायद्याच्या नऊ वर्षं आधी. त्याला कुठली टक्केवारी लागली?

आकडेमोड
कायदा आला, मान्य. नातेवाइकांसोबत नोंद नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ देऊ नये, असंही त्यात आहे. ते किती ठिकाणी पाळतात? मोजल्याशिवाय कसं कळणार? ओरडून कायदा मिळतो, अंमलबजावणी मोजूनच कळते. (आणि हो, योगायोग म्हटलं म्हणजे कुपोषण नाही, असं मी म्हटलेलं नाही.)

वेर्णेवाला
तुमच्या फलकावर आमचं गाव तर गोरंगोमटंच दिसेल. बांधकामावर राहणाऱ्या मजुरांची पोरं अंगणवाडीच्या वहीतच नाहीत. दर सहा महिन्यांनी साइट बदलते, कोण नाव घालणार? सगळ्यात हाडकुळी तीच, आणि हिशोबात नेमकी तीच नाहीत.

सत्तरीकर
हे खरंच सुचलं नव्हतं. मग ठराव उलटा करतो. मुलांचे आकडे नकोत, अंगणवाडीचे लावू. या तिमाहीत रेशन किती दिवस उशिरा आलं, सेविका-मदतनिसांच्या किती जागा रिकाम्या, आणि बांधकामांवर जाऊन मोजलेली मुलं किती. यात कुठल्या आईला खाली बघावं लागणार नाही.

मडगावकर
सरपंच हे फलकावर लावू देतील असं खरंच वाटतं तुम्हाला?

सत्तरीकर
नाही. पण नकार इतिवृत्तात तरी लिहावा लागेल.

अंगणवाडीची बाई
मग वजनकाटा पहिला लिहा. आमचा मार्चपासून बंद आहे.