मदत हवी आहे: वहिनीला थायरॉइड, ताप उतरेना, छाती धडधडतेय

अनुजा_पुणे, रात्री ९:१०
वहिनीला (वय ३४) थायरॉइड आहे. कालपासून ताप १०३, हात थरथरतात, उलट्या-जुलाब चालू. गावातल्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. आता सारखी उठते-बसते, काहीबाही बडबडते, दादालासुद्धा नीट ओळखत नाहीये. गोळी मध्यंतरी बंद होती. लगेच सुरू करायची का? पटकन सांगा, मी पुण्यात, दादा तिकडे एकटा.

सोनचाफा, ९:१४
टीएसएच किती आहे? शेवटचा रिपोर्ट टाका.

आबा_कोरेगाव, ९:१७
थायरोनॉर्म बंद केली की असं होतं. राहिलेल्या गोळ्यांपैकी दोन आत्ता द्या. आमच्या घरी सगळ्यांना आहे, अनुभवाने सांगतो.

वैशाली_सिस्टर, ९:१९
आबा, कृपा करून थांबा. तापात थरथर आणि धडधड म्हणजे थायरॉइड जास्त असेल. थायरोनॉर्म ही थायरॉइड कमी असल्यावरची गोळी, ती दिली तर आगीत तेल. अनुजाताई, बाटलीवरचं नाव वाचून सांगा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला सांगा. तापाला काय दिलं?

अनुजा_पुणे, ९:२६
निओ-मर्कॅझोल १०. वारीला गेली तेव्हा बाटली घरीच राहिली, आल्यावरही घेतली नाही, महिना झाला असेल. नाडी १५२. तापाला डिस्प्रिन दिली.

वैशाली_सिस्टर, ९:२९
हे थायरॉइड स्टॉर्म असू शकतं, म्हणजे थायरॉइड जास्त असल्याचा जीवघेणा झटका. मी आयसीयूत काम करते, अशा दोन पेशंट पाहिल्यात. निओ-मर्कॅझोल ही वाढलेला थायरॉइड आवरणारी गोळी; ती सुटली, वर पोटाचा संसर्ग, की शरीर एकदम पेट घेतं. सकाळची वाट बघू नका. १०८ लावा, आयसीयू असेल तिथेच न्या. डिस्प्रिन पुन्हा नको, त्यातल्या अ‍ॅस्पिरिनने रक्तातलं मोकळं हार्मोन आणखी वाढतं. पॅरासिटामॉल चालेल, पण शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही देऊ नका. ओल्या फडक्याने अंग पुसा, बाटली सोबत घ्या.

निसर्गमित्र, ९:३३
धण्याचं पाणी रोज सकाळी. माझ्या मामींचा थायरॉइड सहा महिन्यांत गेला.

रोहन७८, ९:३५
धडधडीला इंडेरल देतात. माझ्या बायकोला देतात, घरात असेल तर एक द्या.

वैशाली_सिस्टर, ९:३७
दमा आहे का ते विचारल्याशिवाय नको! आणि पोटात दिवस आहेत का? दोन्ही तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

अनुजा_पुणे, ९:४१
दिवस नाहीत. दमा आहे, पंप घेते. सांगायचं राहिलंच. १०८ आली, बार्शीहून पुढे सोलापूरला नेतायत.

सोनचाफा, ९:५०
आधी टी३-टी४ करून मग अ‍ॅडमिट केलं असतं तर बरं. उगाच खर्च नको.

वैशाली_सिस्टर, ९:५३
नाही हो. नुसत्या आकड्यांवरून स्टॉर्म ओळखता येत नाही. ताप, नाडी, मेंदूवरचा परिणाम पाहून ठरवतात, आणि रिपोर्टसाठी उपचार अडवत नाहीत. ताई, कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "थायरॉइड जास्त आहे, गोळी महिनाभर बंद, दमा आहे." 'व्हायरल' शब्दाने सुरुवात करू नका.

कुंदा_नाशिक, १०:०५
माझ्या वडिलांचं नेमकं उलट झालं होतं. थायरॉइड कमी, थायरॉक्सिन (थायरोनॉर्ममधलं औषध) दोन महिने बंद, डिसेंबर. अंग गार, नाडी ४२, सारखी झोप, चेहरा सुजलेला. आम्ही म्हटलं वयामुळे. सोडियम उतरलेलं निघालं. शेकायला हीटर लावला, तर डॉक्टर म्हणाले, पांघरूण पुरे, बाहेरून शेक दिला की बीपी कोसळतं.

माधवी_आर, १०:११
माझं टीएसएच ७.२, गोळी आणि चहा यांत किती वेळ ठेवायचा?

रोहन७८, १०:१३
वहिनींच्या निओ-मर्कॅझोलनेच पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप येतो ना? मग परत कशी देणार?

वैशाली_सिस्टर, १०:१६
बरोबर शंका, गोळी चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. इथे महिनाभर गोळीच नव्हती. तरी आयसीयूत सीबीसी करतीलच.

अनुजा_पुणे, १२:४०
आयसीयूत घेतलं. स्टॉर्मच म्हणाले. नळीतून गोळी दिली, स्टिरॉइड चालू. दम्यामुळे धडधडीचं दुसरं औषध निवडलं. पण आयोडीनचे थेंब तासाभराने देणार म्हणतात. इतकी घाई असताना थांबतात का?

वैशाली_सिस्टर, १२:४४
गोळी ग्रंथीतलं नवं हार्मोन तयार होणं अडवते. आयोडीन तयार साठा बाहेर पडू देत नाही, पण आधी दिलं तर ग्रंथीला कच्चा माल मिळतो. म्हणून आधी गोळी. बरोबर चाललंय, दादांना धीर द्या.

अनुजा_पुणे, सकाळी ७:२०
ताप १००, नाडी ११४. पहाटे दादाला नावाने हाक मारली. रात्री मी फार घाबरले होते, सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर म्हणतात, स्थिर झाली की ऑपरेशन किंवा रेडिओआयोडीनचा (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी औषध) विचार करू. दोन्हींपैकी काही कुणी केलंय का? दमा असलेल्यांनी विशेष सांगा.