मदत हवी आहे : नगरपरिषदेच्या इमारतीची पश्चिम बाजू

नमस्कार मंडळी. नगरपरिषदेच्या नव्या कार्यालयाच्या आराखड्यावर काम करते आहे. वीज कमी लागावी ही अट आहेच, पण नागरिकांची खरी वर्दळ असते ती तळमजल्यावर, आणि जागेच्या आकारामुळे तो भाग नेमका पश्चिमेला येतोय. दुपारनंतरचं ऊन तिरपं थेट आत शिरतं, आडव्या छज्जांना ते दाद देत नाही. उभ्या पट्ट्या लावल्या तर ऊन थांबतं, पण उजेडही जातो आणि भर दिवसा दिवे लावावे लागतात.

मेलबर्नच्या 'कौन्सिल हाउस २' या महापालिकेच्या कार्यालयीन इमारतीत (२००६) पश्चिमेला सूर्याप्रमाणे फिरणाऱ्या लाकडी झडपा आहेत. शिवाय रात्री खिडक्या आपोआप उघडून काँक्रीटची छतं गार केली जातात. कल्पना मला फार आवडते. मात्र फिरत्या भागांची देखभाल वर्षानुवर्षं कोण करणार? झडप बंद अवस्थेत अडकली तर अंधारात बसतील ते कर्मचारी.

कुणी कोनात बसवलेल्या स्थिर पट्ट्या वापरल्या आहेत का? कोन आणि अंतर कसं ठरवलंत? आणि दार सतत उघडझाप होणाऱ्या दालनात गारवा टिकवायला दुहेरी दारं (एकामागे एक अशी दोन) पुरतात का?