पुराची खरी माहिती कुठं बघायची? मदत हवी आहे (सांगली)

नमस्कार मंडळी, आमचं घर कृष्णेच्या काठाला आहे, सांगलीवाडीत. पाऊस वाढला की दरवर्षी तोच गोंधळ, टीव्हीवाले गुडघाभर पाण्यात उभं राहून ओरडतात, साहेब लोक म्हणतात घाबरू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोयना धरणाच्या विसर्गाचे चार वेगवेगळे आकडे फिरतात. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं (धोक्याची पातळी ४५), तेव्हापासून आमचे वडील कुणाचंच ऐकत नाहीत. कोरोनाच्या लशीलाही त्यांचं हेच, सरकार सांगतंय म्हणजे नक्की काहीतरी लपवतंय! राग समजतो ओ, पण घरात आजी आहे, गोठ्यात दोन म्हशी आहेत, पाणी दारात आल्यावर कुठं पळायचं?

तर कोयनेचा विसर्ग, आयर्विनची पातळी आणि अलमट्टीचा (खाली कर्नाटकातलं धरण) साठा तुम्ही रोज कुठं बघता? केंद्रीय जल आयोगाची साईट माहितीय, अजून काही? कोयनेतनं सोडलेलं पाणी सांगलीत यायला साधारण किती तास धरायचे? आणि असे हट्टी वडील कुणी वेळेत घराबाहेर काढले असतील तर कसे काढले तेवढं सांगा, माझं तर ऐकतच नाहीत.