साडेतीन वर्षांचा मुलगा कार्टूनची हिंदी बोलतोय, टीव्ही बंदच करू का?

सोनचाफा_पुणे:
नमस्कार मंडळी, घरी आम्ही दोघं आणि सासूबाई, सगळे मराठीच बोलतो, पण आमचा पठ्ठ्या डब केलेली कार्टून बघून बघून चक्क हिंदीत सुरू झालाय. काल आजीने वरणभात पुढे केला तर "नहीं दादी, मुझे ये बिलकुल पसंद नहीं!" तेही त्या कार्टूनमधल्या पोराच्या रडक्या सुरात. सासूबाई आधी हसल्या, मग म्हणे हा आपलाच ना गं? नवरा म्हणतो फुकटात एक भाषा शिकतोय, शिकू दे. पण मला वेगळीच काळजी वाटते, काही विचारलं की उत्तर देत नाही, पाठ केलेला डायलॉग मारतो. दिवसाला दोन-अडीच तास बघतो, जेवताना धरून.

चहा_बिस्किट:
अगं घरोघरी मातीच्या चुली. माझ्या भाचीने बाटलीचं झाकण उघडेना म्हणून "कोई है? मेरी मदद करो!" करत बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. आता पाचवीत आहे, अस्सल मराठीत भांडते. चिल मार.

निंबोणी:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. हिंदीचं सोडा हो, दोन भाषांनी मूल बिघडत नाही. उत्तर देत नाही हे जे तुम्ही शेवटी लिहिलंय ना, तिकडे बघा. २००३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर प्रयोग केला होता, काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, काहींना तशाच माणसांचे व्हिडिओ दाखवले. समोर माणूस होता त्या बाळांना चिनीतले आवाज वेगळे ओळखता आले, व्हिडिओवाल्यांच्या हाती काहीच लागलं नाही. तुमचा मोठा आहे, तो पडद्यावरून शब्द उचलणारच, पण एकाने बोलायचं मग दुसऱ्याने बोलायचं ही देवाणघेवाण पडदा कशी शिकवणार, तो थोडीच थांबतो याच्या उत्तरासाठी? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितलाय, तुम्ही जेवतानाचं आधी काढा. आणि हाक मारली की वळतो का, बोट दाखवून "ते बघ" करतो का, हवं ते स्वतःच्या शब्दांत मागतो का हे बघा. यात गडबड वाटली तर शाळेची वाट बघू नका, कान तपासून घ्या आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

गच्चीवरचा_शक्तिमान:
टीव्हीने पोरं बिघडली ही ओरड आमच्या वेळीही होतीच की. शक्तिमान लागायचा तेव्हा आख्खी चाळ गरगर फिरायची, शेवटी तो स्वतःच येऊन सांगायचा की बाळांनो असलं काही करू नका. पण तेव्हा टीव्ही एकच, समोर शेजारची चार पोरं, मागे आजोबांची कॉमेंट्री, आणि अर्धा-एक तासाने कार्यक्रम संपायचा म्हणजे संपायचाच, मग खाली जाऊन खेळायचं. आता एक संपायच्या आत दुसरं सुरू, आणि पोरगं एकटं. ते ऑटोप्ले बंद करा आधी, अर्धी लढाई तिथेच आहे असं माझं मत.

सोनचाफा_पुणे:
सगळ्यांना थँक्यू. निंबोणीताई, हाक मारली की वळतो, पण टीव्ही चालू असेल तर अजिबात नाही, त्यामुळे कान की लक्ष तेच कळत नाही. जेवतानाचा टीव्ही आजपासून बंद, आत्ताच एक भोंगा पसरून झालाय, सासूबाई किशोरचा जुना अंक घेऊन बसल्यात त्याच्याजवळ. कानाच्या टेस्टला मुलाला औषध देऊन झोपवतात का हो? त्याचीच भीती वाटते.

निंबोणी:
या वयात बहुतेकदा खेळातच होते. हेडफोन लावतात आणि आवाज आला की डब्यात एक ठोकळा टाकायचा, बस. आवाज अगदी बारीक करत नेतात. सांगितलेलं ऐकलंच नाही, बसलाच नाही तर मग झोपेतली टेस्ट. घरी दोन-चार दिवस टाळी वाजली की ठोकळा टाक असं खेळून बघा, म्हणजे तिथे बुजणार नाही. आणि हो, जाताना मोबाईल हातात देऊ नका, वेटिंगमध्ये सगळे तेच करतात.