रात्रपाळीच्या रस्त्यासाठी पंक्चर किट कोणते घ्यावे?

बी-३०२ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. गेल्या गुरुवारी रात्री शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून जालन्याला परतताना, बदनापूर यायच्या आधीच माझ्या मोटारसायकलचे मागचे चाक बसले. साडेबारा वाजून गेले होते, पंक्चरची सगळी दुकाने बंद होती आणि गाडी सुमारे तीन किलोमीटर ढकलत न्यावी लागली. समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगी नसल्यामुळे रात्रपाळीला जाणाऱ्या आपल्या सर्वांचा हाच रस्ता आहे. किट ३०० रुपयांपासून ३,००० रुपयांपर्यंत दिसतात. त्यांतले कोणते घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ए-१०४ : दादा, मी एसटीच्या आगारात टायरचे काम अनेक वर्षे केले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. किट पाहण्याआधी आपले टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबचे, हे टायरच्या बाजूवर वाचून घ्या, कारण दोन्हींचे साहित्य पूर्णपणे वेगळे असते.

ट्यूबलेस असेल तर काम सोपे आहे. खिळा ज्या तिरकेपणाने शिरला असेल त्याच दिशेने रीमर, म्हणजे खरबरीत सळई, फिरवून छिद्र साफ करायचे, सुईत ओवलेल्या स्ट्रिपला (रबराच्या चिकट पट्टीला) सोल्युशन (रबर चिकटवायचा द्रव) लावून ती आत दाबायची, दोन्ही टोके साधारण एक सेंटिमीटर बाहेर ठेवायची आणि सुई झटक्यात सरळ मागे ओढायची. येथेच स्वस्त किट दगा देते. प्लॅस्टिकची मूठ जोर लावताच पिळवटते, कारण नव्या, जाड टायरमध्ये रीमर घुसवायला मनगटाची सगळी ताकद लागते. म्हणून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, धातूची मूठ असलेलेच घ्यावे आणि सुईचे टोक फटीचे आहे का ते पाहावे. फट नसेल तर सुईबरोबर स्ट्रिपही बाहेर येते. छिद्र जमिनीला टेकणाऱ्या भागातच असले पाहिजे. टायरच्या बाजूला चीर गेली असेल तर स्ट्रिप घालून गाडी चालवणे जिवावर बेतू शकते.

आपल्या भागातले ऊन लक्षात घेऊन सोल्युशनच्या लहान, न उघडलेल्या दोन नळ्या ठेवाव्यात. एकदा उघडलेली नळी काही महिन्यांत आतच वाळते आणि हे नेमके रात्री रस्त्यावर कळते.

बी-३०२ : काका, मनापासून आभार. हवेसाठी कार्बन डायऑक्साइडच्या लहान नळकांड्या चालतील का? त्या खिशात मावतात.

ए-१०४ : माझे मत त्यांच्या विरोधात आहे. १६ ग्रॅमच्या एका नळकांडीने मोटारसायकलचे चाक पुरेसे भरत नाही, दोन-तीन लागतात, आणि स्ट्रिप नीट बसली नाही तर सगळा वायू वाया जाऊन हाती काहीच उरत नाही. चार्जिंगचा लहान पंप घेतला तर तो दर महिन्याला चार्ज करण्याची शिस्त हवी. गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर १० अँपिअरपर्यंत वीज ओढू शकतो, म्हणून १०० ते १२५ सीसीच्या गाडीची लहान बॅटरी बघता इंजिन चालू ठेवूनच तो वापरावा. मला विचाराल तर पायाने दाबायचा साधा पंप आणि दाब मोजायचा मीटर एवढेच पुरे आहे. वेळ लागतो, पण तो कधी अडवत नाही.

सी-२०१ : काका, माझ्या स्कूटरच्या टायरमध्ये दुकानदाराने आधीच पंक्चर आपोआप बुजवणारे जेल भरून घ्यायला सांगितले होते. ते योग्य आहे का?

ए-१०४ : ताई, बाभळीच्या काट्याला ते उपयोगी पडते. परंतु आपल्या रस्त्यावर भंगाराच्या गाड्यांतून लोखंडाचे तुकडे पडतात, आणि तशा मोठ्या छिद्राला जेल पुरत नाही. जेल असले तरी किट बरोबर असू द्यावे.

ए-४०३ : माझ्या गाडीला तारांची चाके आणि ट्यूबचे टायर आहेत. मी काय घ्यावे?

ए-१०४ : आपल्यासाठी स्ट्रिपचे किट निरुपयोगी आहे. दोन टायर लिव्हर, ठिगळे, सोल्युशन, घासायचा कागद, चाकाच्या नटाचा पाना आणि योग्य मापाची एक जादा ट्यूब लागेल. रस्त्यावर ठिगळ लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलणे सोपे असते, मात्र नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून काटा काढलाच पाहिजे. मागचे चाक काढण्याचा सराव नसेल तर रात्री एकट्याने तो प्रयत्न करू नये.

बी-३०२ : तर ट्यूबलेसवाल्यांसाठी धातूच्या मुठीची किट आणि पायपंप मी एकत्र मागवतो, ज्यांना हवे त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे.

ए-१०४ : किट आल्यावर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये एका जुन्या टायरला खिळा ठोकून प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक स्ट्रिप घालून पाहावी. टायर मी आणतो. आणखी एक सांगतो : रस्त्यात स्ट्रिप घातल्यानंतर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे, घरापर्यंत सावकाश यावे आणि दुसऱ्याच दिवशी टायर उतरवून आतून पाहून घ्यावे.