मदत हवी आहे: लोणा लागलेल्या भिंतीवर निषेधचित्र कसं टिकवायचं?

लातूरच्या एका कॉलेजात मुलं-मुली कंपाउंडच्या आतल्या भिंतीवर पाणीटंचाईचं चित्र काढणार आहेत. २०१६ साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे, तिच्याखाली रिकाम्या घागरींची रांग. भिंत २० बाय ८ फूट. कागदावरचं छोटं चित्र भिंतीवर मोठं करायला सुतळीने एक-एक फुटाचे चौकोन आखणार. परवानगी लेखी घेतली आहे. ती नसेल तर १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आडवा येतो.

घोडं अडलंय खालच्या दोन फुटांवर. जमिनीतली ओल चढते, क्षार बाहेर येऊन पांढरा लोणा फुटतो. त्यावर थेट प्रायमर आणि इमल्शन मारलं की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. तारेच्या ब्रशने कोरडंच खरवडायचं, एवढं ठरलंय. ओल्या फडक्याने पुसलं तर क्षार विरघळून परत आत मुरतात. पुढे काय? त्या पट्ट्यात डिंक घातलेली चुन्याची सफेदी द्यावी का? चुना ओल बाहेर जाऊ देतो, पण त्यावर घागरींचा गेरू धरेल का, की हाताला लागेल?

दुसरं, घरी पाणी कोण भरतं, किती खेपा होतात, यावर प्रत्येकाने चार ओळी लिहिल्यात. ते कागद मैद्याच्या खळीने बाजूला चिकटवायचे आहेत. बुरशी नको म्हणून खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. एक किलो मैद्याला किती घालावं? हातमोजे आणलेत.

काम उन्हाळ्यातच उरकावं ना?