मदत हवी आहे: बाबांसाठी समुपदेशक, सातारा किंवा पुणे

आईचं वर्षश्राद्ध होऊन गेलं, तरी बाबा दर रविवारी तिच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा भरून ठेवतात. जेवण निम्म्यावर आलंय, भजनी मंडळ सुटलं. नातेवाईकांचं एकच, "वेळ जाऊ दे." आमचे डॉक्टर मात्र म्हणाले, वर्षानंतरही दुःख रोजचं जगणं अडवत असेल तर तो 'दीर्घकालीन शोक' असू शकतो, आणि त्यावर नुसत्या गोळ्यांपेक्षा शोकासाठीची बोलण्याची थेरपी जास्त उपयोगी पडते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, मराठीत नीट बोलले. पण बाबांना फोनवर मोकळं होता येत नाही. वर "मी काय वेडा आहे का?" हे पालुपद आहेच!

शोकावर काम करणारे, शक्यतो वयाने मोठे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? फी साधारण किती? आणि तुमच्या घरच्यांना पहिल्यांदा कसं तयार केलंत?